सकाळचं पहिलं पाऊल

मार्चचे पहिले तीन आठवडे आमच्या ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद चालू होती. कपाटापुढे उभं राहायचं, एकेक पुस्तक काढायचं, दाखल क्रमांक वाचायचा, नोंदवहीत खूण करायची, पुस्तक जागच्या जागी ठेवायचं, आणि दोन पावलं सरकून पुन्हा तेच. खाली कडक फरशी आणि पायात टाचेकडे झिजलेल्या सपाट चपला. संध्याकाळी तळपाय ठणकायचे, पण ते सगळ्यांचेच ठणकत होते. आम्ही एकमेकींना सांगून हसायचो.

२४ मार्चला सकाळी पलंगावरून उतरले आणि डावी टाच जमिनीला लागताच तोंडातून आवाज निघाला. टाचेखाली काहीतरी रुतलंय असं वाटून खरोखर वाकून पाहिलं. काही नव्हतं. भिंतीला धरत न्हाणीघरापर्यंत गेले. वीसेक पावलांनी दुखणं कमी झालं, अर्ध्या तासात जवळजवळ गेलंच. म्हणून विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच.

या दुखण्याची खोड अशी की ते दिवसभर माणसाला शांत ठेवतं. सकाळी फणा काढतं, दुपारी गायब होतं, संध्याकाळी उभं राहून काम झालं की परत हजर. दुपारी वाटतं, एवढ्यासाठी कशाला डॉक्टरकडे जायचं. असे मी साडेतीन आठवडे घालवले. टाच वर धरून चवड्यावर चालायची सवय लागली, त्यामुळे पोटरीही भरून यायला लागली.

१७ एप्रिलला अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ मागितली, ती २६ एप्रिलची मिळाली. मधल्या नऊ दिवसांत ज्याला त्याला दुखणं सांगितलं आणि ज्याचा त्याचा सल्ला घेतला. निम्म्या लोकांचं निदान एकच होतं: "टाचेचं हाड वाढलंय."

तपासणी बारा मिनिटांत झाली. डॉक्टरांनी प्रश्नच जास्त विचारले. रात्री झोपेतून जाग येण्याइतकं दुखतं का? पायाला बधिरपणा, मुंग्या? मधुमेह आहे का? पडला होतात का? एका पोटरीला सूज, गरमपणा? सगळ्याला 'नाही' म्हटलं. मग त्यांनी टाचेच्या आतल्या बाजूला, जिथे टाच संपून कमान सुरू होते तिथे, अंगठ्यानं दाबलं. मी खुर्चीतून अर्धी उठले. नंतर टाच दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरून आवळली. ते दुखलं नाही. हाडाला बारीक तडा असेल तर असं आवळल्यावर दुखतं, असं त्यांनी सांगितलं.

"हाड वाढलंय का, एक्स-रे काढायचा का?" मी विचारलं.

"वाढलेलं दिसेलही कदाचित. पण हाड वाढलेल्या कितीतरी लोकांची टाच कधीच दुखत नाही. तुमचं दुखणं हाडाचं नाही, त्याच्याखालच्या पट्ट्याचं आहे."

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो, प्लांटार फॅशिया. पायाची कमान तो पेलून धरतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, तेव्हा पट्टा आखडून राहतो, आणि सकाळी पहिल्याच पावलाला शरीराचा सगळा भार येऊन तो एकदम ताणला जातो. ती कळ त्याची. रोगाचं नाव प्लांटार फॅसायटिस. कागदावर त्यांनी तीन ओळी लिहिल्या: टाच उचलून धरणारे मऊ तळाचे बूट, घरातही अनवाणी चालायचं नाही, पोटरी आणि तळपायाचे ताण (म्हणजे ते ताणायचे व्यायाम) व मालिश. वेदनाशामक गोळी फक्त फार दुखलं तर.

"किती दिवसांत बरं होईल?"

"दिवसांत नाही. महिने म्हणा. बहुतेकांचं वर्षाच्या आत जातं, शस्त्रक्रियेची वेळ फारच थोड्यांवर येते. सहा आठवडे करा, मग या."

घरी येताना मला रडू आलं. आजार मोठा नव्हता, महिने हा शब्द मोठा होता.

आल्या आल्या दोन कामं केली. एक, वहीत रोज सकाळच्या पहिल्या पावलाला दहापैकी गुण द्यायला सुरुवात केली. २७ एप्रिल: आठ. दुसरं, काउंटरमागे बसायला उंच स्टूल मिळावं म्हणून कार्यालयात अर्ज दिला. अर्ज चार दिवसांनी परत आला, शेरा होता 'वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे'. प्रमाणपत्रासाठी पुन्हा दवाखाना, पुन्हा रांग. ते जोडलं तर 'योग्य मार्गाने सादर करावा'. म्हणजे आधी विभागप्रमुखांची सही. हा अर्ज पुढे ऑगस्टपर्यंत फिरत होता. कुणी असा अर्ज करणार असेल तर पहिल्याच भेटीत प्रमाणपत्र मागून घ्या, एक फेरी वाचते.

आता मालिश. डॉक्टरांनी शब्द एकच लिहिला होता, कसं करायचं ते मी विचारलं नव्हतं. माझा समज असा की दुखतंय तिथे जोरात रगडायचं, जितकं दुखेल तितकं चांगलं. घरात मुलाचा क्रिकेटचा चेंडू होता. ४ मेच्या रात्री भिंतीला हात टेकून उभी राहिले, तो कडक चेंडू बरोबर दुखऱ्या जागेखाली घेतला आणि सगळा भार टाकून पंधरा मिनिटं फिरवला. दात आवळून. डोळ्यांत पाणी आलं आणि वाटलं, आता सुटणार.

५ मेच्या सकाळी दहापैकी दहा. टाचेच्या आतल्या बाजूला निळसर डाग होता. पुढचे पाच दिवस मी लंगडत होते, त्यातले दोन रजेवर. ज्या जागी आधीच इजा आहे ती मी फरशी आणि चेंडूच्या मध्ये धरून ठेचली होती. दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा.

त्या दोन दिवसांच्या रजेत मी ग्रंथालयातल्या माणसानं करायचं ते काम केलं, वाचलं. पायाचं अंगठ्याशी असलेलं नातं मला तिथे कळलं. १९५४ साली हिक्स नावाच्या संशोधकानं दाखवलं होतं की अंगठा वर उचलला की तळपायातला पट्टा, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तसा, बोटांच्या मुळाशी गुंडाळला जातो आणि कमान उंच होते. आत्ता बसल्या जागी करून बघा. अंगठा हातानं मागे ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट कमानीवर ठेवा, आतून तारेसारखं काहीतरी ताठ होताना लागेल. तोच तो पट्टा. २००३ साली याच हालचालीचा ताण म्हणून उपयोग करून पाहिला गेला, दहा सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा आठ आठवड्यांनी त्याचा गुण जास्त दिसला होता. त्यातही पहिली खेप सकाळी पाय जमिनीला टेकवायच्या आधी.

टेकवायच्या आधी! माझं सगळं दुखणं त्या एका पावलात होतं आणि त्याच्या आधी काही करता येईल हे मला सुचलंच नव्हतं.

१५ मेला फिजिओथेरपिस्टकडे गेले. ही वेळ चारच दिवसांत मिळाली. त्यांनी आधी पायाला हातच लावला नाही. भिंतीसमोर उभं केलं, पावलापुढे भिंतीपर्यंत बोटं आडवी ठेवून अंतर मोजलं आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगितलं. उजव्या पायाला पाच बोटं अंतरावरूनही जमलं. डाव्याला दोन बोटांवरच टाच उचलली गेली. "पोटरी बघा किती आखडलीय," त्या म्हणाल्या. "तुम्ही टाचेशी भांडताय आणि ओढ मागून येतेय." पोटरी आखडली की घोटा पुरेसा वाकत नाही, मग चालताना तळपायाच्या पट्ट्यावर जास्त ताण येतो. चवड्यावर चालून ती ओढ मीच वाढवली होती.

चेंडूची गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी सांगितलं की बोटांच्या जोरानं तो पट्टा काही लांब होत नाही, तेवढा तो मऊ नसतो. मालिशनं भोवतालचे स्नायू सैलावतात, जागेची दुखरी संवेदना कमी होते, आणि तेवढ्या उसंतीत ताण आणि चालणं सोपं जातं. मग जीव खाऊन दाबायचं कारणच उरत नाही. दाबताना दहापैकी तीन-चारच्या वर दुखता कामा नये. श्वास अडकला की समजायचं, जोर जास्त झाला.

त्यांनी शिकवलेलं आणि मी पुढे सात महिने केलेलं असं होतं.

सकाळी पलंगावरच बसून डावं पाऊल उजव्या मांडीवर घ्यायचं. घोटा दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा फिरवायचा. मग डाव्या हातानं पाचही बोटं नडगीकडे ओढून दहा सेकंद धरायची, उजव्या हाताच्या अंगठ्यानं ताठ झालेल्या पट्ट्यावरून टाचेकडून चवड्याकडे हलकेच फिरत राहायचं. असं दहा वेळा. शेवटी तळव्यांनी सगळं पाऊल चोळून गरम करायचं. चार मिनिटं लागतात. मग पलंगाशेजारी ठेवलेल्या मऊ तळाच्या चपलांतच पाय घालायचा, फरशीवर नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा विसरून थेट उतरले आणि दोन्ही वेळा टाचेनं आठवण करून दिली.

दुपारी काउंटरमागे, बसायला मिळेल तेव्हा. एक टेनिसचा चेंडू टेबलाखाली ठेवला होता. बसूनच, बूट काढून, मोजा ठेवून चेंडू टाचेच्या पुढच्या कडेपासून चवड्यापर्यंत सावकाश न्यायचा आणि आणायचा. टाचेच्या मधोमध नाही, दुखऱ्या बिंदूवर थांबून नाही. एकदा मधून, एकदा आतल्या कडेनं, एकदा करंगळीच्या बाजूनं. दीड-दोन मिनिटं पुरे. आतल्या कडेला, कमानीच्या वरच्या अंगाला, अंगठ्याला बाजूला नेणारा एक स्नायू असतो. माझा तो दोरखंडासारखा झाला होता आणि मला पत्ताच नव्हता. जिथे दुखतं तिथून दोन बोटं लांब हात लावून बघा, अशा जागा सापडतात.

रात्रीची मालिश मोठी, पंधरा मिनिटांची, आणि खरं सांगायचं तर दिवसातला तो माझा सगळ्यात आवडता वेळ झाला. आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय. मग चार-पाच थेंब तेल, कुठलंही. जास्त तेल घेतलं की हात नुसता घसरतो, पकड येत नाही. सुरुवात पोटरीपासून. जमिनीवर बसून दुखऱ्या पायाची पोटरी दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर टेकवायची आणि पाय पुढे-मागे सरकवायचा. गुडघाच मालिश करतो, हात दुखत नाहीत. कधी घोट्यापासून वरच्या दिशेनं लाटणं फिरवायचं. (ते लाटणं परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही, असं नवऱ्यानं जाहीर केलं. नवीन आणावं लागलं. या सगळ्यातला हा एकमेव खर्च मला अनावश्यक वाटला.) पोटरी सैल झाली की पाऊल. हाताची बोटं पायाच्या बोटांच्या फटींत घालून, हात मिळवल्यासारखं धरून, पुढचं पाऊल गोल फिरवायचं. बंद बुटात दिवसभर कोंबलेली बोटं उलगडतात तेव्हा आधी थोडं दुखतं आणि मग डोळे मिटतात. नंतर दोन्ही अंगठे चवड्यावर ठेवून मधून बाजूला, पुस्तकाचं पान सपाट करावं तसे. कमानीवर मुठीतल्या बोटांची पेरं फिरवायची. टाचेला मात्र फक्त तळव्यानं गोल चोळायचं. सगळ्यात शेवटी भिंतीला हात लावून पोटरीचा ताण, तीस सेकंद गुडघा सरळ ठेवून आणि तीस सेकंद किंचित वाकवून. वाकवल्यावर खालचा, खोलवरचा स्नायू ताणला जातो. माझा तोच जास्त आखडलेला निघाला.

तेलाचा एक धडा: २१ मेच्या रात्री फोन वाजला म्हणून तशीच उठले आणि फरशीवर घसरले. कोपर खरचटण्यावर भागलं. तेव्हापासून टॉवेल आणि मोजे आधी शेजारी ठेवते, मगच तेलाची बाटली उघडते.

ज्या दिवशी उभं राहणं फार झालं, त्या संध्याकाळी गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून तळपायाखाली दहा मिनिटं. मालिशनं बरं वाटतं, यानं ठणका थांबतो. दोन्हींत फरक आहे, तो करूनच कळतो.

वहीतले आकडे मात्र हट्टी होते. मे संपता संपता सात. १० जूनला, म्हणजे सहा आठवडे पूर्ण झाल्यावर, डॉक्टरांना दाखवलं तेव्हा सहा. मला वाटलं ते निराश होतील. ते म्हणाले, "उतरतंय ना? चालू ठेवा." मी निराश होते. त्या महिन्यात तीनदा मालिश सोडून दिली आणि तीनदा परत सुरू केली, दरवेळी आकडा अर्धा-एकानं वर गेलेला बघून. जूनच्या शेवटी चार. जुलैच्या मध्यावर एका समारंभाला दिसायला छान अशा पातळ चपला घालून दोन दिवस हिंडले, तर परत सहा. तो उतरायला तीन आठवडे लागले. चपला आता बहिणीकडे आहेत.

याच सुमाराला फिजिओथेरपिस्टनी ताकदीचा व्यायाम जोडला. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, तीन सेकंदांत टाच उचलायची, दोन सेकंद वर, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. २०१४ सालच्या डेन्मार्कमधल्या एका अभ्यासातली ही पद्धत. मी तो वाचला. नुसत्या ताणापेक्षा तीन महिन्यांत लोकांना जास्त बरं वाटलं होतं, पण वर्षानं दोन्ही गट साधारण सारखेच होते. घाई असलेल्यांनी हा करावा, इतपत मी त्यातून घेतलं. मला घाई होती.

दुपारचा चेंडू बघून आमच्या विभागातल्या एका काकांनी विचारलं, "मॅडम, मलाही द्या की, माझे पाय फार जळजळतात." त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. मी चेंडू दिला नाही. पायाला कमी जाणवत असेल तर चेंडूनं किंवा गरम पाण्यानं झालेली इजा कळतच नाही, आणि तीच पुढे चिघळते. डॉक्टरांनी मला पहिल्या दिवशी मधुमेहाचं का विचारलं ते तेव्हा समजलं. काका रागावले थोडे, पण दाखवून आले. त्यांना मज्जातंतूंच्या तपासणीसाठी पाठवलं. जळजळ, बधिरपणा, रात्रीचं दुखणं, एकाच पोटरीला सूज आणि गरमपणा, यांतलं काही असेल तर मालिश नको, आधी दवाखाना. सुजलेल्या पोटरीत रक्ताची गुठळी असली तर ती चोळणं धोक्याचं असतं.

ऑगस्टच्या मध्यावर वहीत दोन. भिंतीपासून अंतर चार बोटं. ऑक्टोबरभर एक, कधी शून्य, कधी परत एक. नोव्हेंबरमध्ये मी रात्रीची मालिश दोन दिवसांआड केली, काही बिघडलं नाही. सकाळचा ताण सोडला नाही.

५ डिसेंबरला पहाटे दाराची घंटा वाजली. उठले, दार उघडलं, पार्सल घेतलं, सही केली, परत येऊन पलंगावर बसले आणि पाऊल मांडीवर घेताना लक्षात आलं की आपण अनवाणी जाऊन आलो. वहीत त्या तारखेला गुण लिहायचे राहिलेत, कारण पहिलं पाऊल कधी पडलं तेच आठवत नव्हतं.

स्टूल २१ ऑगस्टला आलं होतं, अर्ज केल्यापासून सोळा आठवड्यांनी, तीन सह्यांनंतर. छान, भक्कम आहे. फक्त इतकं उंच आहे की त्यावर बसलं की पाय जमिनीला पोचत नाहीत आणि चेंडू टेबलाखाली नुसता पडून राहतो. पायाखाली घ्यायच्या पाटासाठी वेगळा अर्ज दिला आहे. या वेळी प्रमाणपत्राची प्रत आधीच जोडली.